नवं चर्च बांधायचं मनात आहे, सुरुवात कुठून करावी?

पाठचा बाक

आमचा कॅथलिक धर्मग्राम, म्हणजे पॅरिश, खेड्यातला, वस्त्या विखुरलेल्या. चर्चमध्ये २४ बाक आहेत. एका बाकावर पाच जण नीट बसतात, सरकून घेतलं तर सहा. म्हणजे १२०, फार तर १४४. गेले चार रविवार मी आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातली दोन मुलं दारापाशी उभं राहून माणसं मोजतो आहोत. सकाळच्या मिस्सेचा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या उपासनेचा, आकडा एकदाही २३०च्या खाली आला नाही.

उरलेले बाहेर असतात, पायऱ्यांवर नाहीतर खिडक्यांखाली. मोजता मोजता लक्षात आलं की बाहेर नेहमी तीच माणसं असतात. कडेवर मूल घेतलेल्या आया, लांबच्या वस्त्यांवरून चालत येईपर्यंत उशीर झालेले, आणि गर्दीत जीव घाबरतो असे म्हातारे. माझी आई वर्षभर खिडकीतून मिस्सा ऐकते. ख्रिस्तप्रसाद द्यायला कुणीतरी बाहेर तिच्यापर्यंत येतं. ती तक्रार करत नाही. पण प्रवचनाच्या वेळी ती कान पुढे करून उभी असते, ते मला बघवत नाही.

गेल्या आठवड्यात पॅरिश कौन्सिलची सभा झाली. जुनंच वाढवायचं, मिस्सा वाढवायच्या की नवं बांधायचं, यावर बोलायचं होतं. पण बहुतेक वेळ मनोरा किती उंच असावा यातच गेला. ज्यांच्या धर्मग्रामात हे काम झालंय किंवा अडलंय, त्यांनी कृपया लिहा. आम्ही कशापासून सुरुवात करायला हवी?

उंबरठा

माणसं मोजलीत हे फार चांगलं केलंत. सुरुवात झालीच आहे म्हणायची.

कायद्याची बाजू आधी सांगतो, कारण पुष्कळ ठिकाणी ती शेवटी आठवते. १९८३च्या धर्मसंहितेतला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या ग्रंथातला, कॅनन (कलम) १२१५ नक्की वाचा. बिशपांच्या स्पष्ट लेखी संमतीशिवाय चर्च बांधता येत नाही. आणि ही संमती म्हणजे नुसती सही नव्हे. धर्मगुरूंच्या सल्लागार मंडळाचं आणि शेजारच्या चर्चच्या प्रमुखांचं म्हणणं ऐकून घेतल्यावर बिशपांनी दोन गोष्टींचा निर्णय करायचा असतो. एक, या नव्या चर्चमुळे लोकांच्या आत्मिक हिताला मदत होईल का. दुसरी, बांधायला आणि पुढे उपासना चालवायला साधनं पुरतील का. त्यातलं ‘पुढे उपासना चालवायला’ सगळे विसरतात. वीज, डागडुजी, रंग, छताची गळती हा खर्च बांधून झाल्यावर दरवर्षीचा आहे.

मिस्सा वाढवण्याबद्दल. धर्मगुरूंनी दिवसातून एकच मिस्सा अर्पण करावी हा नियम आहे. धर्मगुरू कमी असतील तर योग्य कारणासाठी दोन आणि रविवारी व बंधनकारक सणांना गरज असेल तर तीनपर्यंत परवानगी मिळू शकते, कॅनन ९०५. तुमच्याकडे धर्मगुरू किती?

पाठचा बाक

एकच. शिवाय दोन उपकेंद्रं त्यांच्याच गळ्यात. रविवारच्या तीन मिस्सा त्यातच संपतात, एक इथे आणि दोन तिथे. म्हणजे ती वाट बंद झाली. सभेत हे कुणालाच माहीत नव्हतं.

दगडगोटे

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, दोन चर्चच्या कामांत होतो. थोडं लांबलचक लिहितो.

जुनं वाढवणं स्वस्त पडतं असं सगळ्यांना वाटतं. ते इमारत कशी आहे त्यावर आहे. आरसीसीची चौकट असेल तर मधली भिंत काढता येते. पण जुनी चर्चेस बहुधा भारवाहक भिंतींची असतात. भिंतच छत पेलते. ती फोडून बाजूला खोली जोडायची म्हणजे वरचा भार दुसऱ्या कशावर तरी घ्यायचा. नवा पाया जुन्या पायाशेजारी खोदताना जुना बसू शकतो, आणि दोन्ही वेगवेगळ्या गतीने खचले की जोडावर तडा येतो. तो तडा कितीदाही बुजवा, परत उघडतो. म्हणून ठरवण्याआधी एका जाणत्या माणसाला भिंती, पाया आणि छत दाखवून लेखी अहवाल घ्या. एवढा खर्च करायलाच हवा.

लांबी वाढवणं सोपं वाटतं, पण शेवटच्या बाकावरून वेदी दिसेनाशी होते. त्यापेक्षा रुंदीत पसरलेली जागा बरी, तिथे माणसं वेदीच्या तीन बाजूंना येतात.

आता आकडे. बाकावर एका माणसाला ४५ ते ५० सेंटीमीटर लागतात. दोन बाकांमधलं अंतर, गुडघे टेकायची फळी धरून, ९० सेंटीमीटरच्या आसपास हवं. मधली वाट दीड मीटरपेक्षा अरुंद नको. शवपेटी उचलणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी चालता आलं पाहिजे, हे नकाशा काढताना कुणाच्या डोक्यात नसतं. वाटा धरून माणशी साधारण एक चौरस मीटर पकडा. वेदीचा भाग, सॅक्रिस्टी (उपासनेची वस्त्रं-भांडी ठेवायची खोली) आणि दारातला ओटा वेगळा. समजा ३५० माणसांसाठी बांधायचं, तर काय लागेल ते आता तुम्हीच काढू शकता.

पण ३५० हा आकडा नाताळच्या गर्दीवरून ठरवू नका. मोठ्या सणाच्या गर्दीसाठी बांधलेलं चर्च वर्षातले बाकीचे रविवार अर्धं रिकामं दिसतं, आणि रिकाम्या जागेत म्हटलेली गाणी दुबळी वाटतात. नेहमीचा रविवार आणि पुढच्या वीसेक वर्षांची वाढ एवढं धरा. बाजूला छत असलेला मोठा ओटा आणि पूर्ण उघडणारी दारं ठेवा, सणाची गर्दी तिथे मावते.

आणि नकाशाच्या आधी माती परीक्षण. आधी चित्र आवडतं, मग माती वाईट निघते, आणि पायातच अर्धे पैसे जातात.

संध्याछाया

सगळे बरोबर बोलताहेत. पण मी जुन्या चर्चच्या बाजूची आहे आणि ते इथे लिहायला हवं असं वाटलं.

आमच्याकडे नवं चर्च झालं त्याला बरीच वर्षं झाली. जुन्यात माझा बाप्तिस्मा झाला होता, लग्न झालं होतं, आणि ह्यांची शवपेटी तिथूनच निघाली. जुनं बंद करायचं ठरलं तेव्हा आम्हा म्हाताऱ्यांना कुणी विचारलं नाही. विरोध करू नका, विकास आहे, एवढंच ऐकलं. नव्या चर्चमध्ये मी दर रविवारी जाते. तरी पहिली दोन वर्षं मला तिथे प्रार्थना येईना. ओठ हलायचे, एवढंच.

बायबलमध्ये एज्राच्या पुस्तकात तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी आहे बघा. नव्या मंदिराचा पाया घातला तेव्हा ज्यांनी पहिलं मंदिर पाहिलं होतं ते म्हातारे मोठ्याने रडले आणि बाकीच्यांनी आनंदाचा गजर केला. रडणं कुठलं आणि गजर कुठला हे लोकांना वेगळं ऐकू येईना, असं तिथे लिहिलंय. रडणाऱ्यांना कुणी गप्प केलं असं मात्र लिहिलेलं नाही.

पाठचा बाक

संध्याछायाताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, मला आत बसायचंय, पण ह्याच चर्चच्या आत. हे ती मला आजवर कधी बोलली नव्हती.

ओंजळ

माझा प्रश्न सगळ्यांना आवडणार नाही. तुमच्या वस्त्यांवर ज्यांच्या घराला धड छप्पर नाही अशी कुटुंबं असतीलच. त्यांच्याकडूनच वर्गणी घेऊन देवाचं घर बांधायचं? चौथ्या शतकातले धर्मोपदेशक संत योहान ख्रिसोस्तोम मत्तयच्या शुभवर्तमानावरच्या पन्नासाव्या प्रवचनात हेच विचारतात. ख्रिस्ताच्या मेजावर सोन्याची भांडी आणि ख्रिस्त स्वतः भुकेने मरतोय, याचा काय उपयोग? आधी भुकेल्याला जेवू घाला, मग उरलेल्यातून मेज सजवा, असं ते सांगतात. त्यांनी चर्च बांधू नका म्हटलेलं नाही, क्रम सांगितलाय. तुमच्या सभेत ह्या क्रमावर बोलणं झालं का?

पाठचा बाक

नाही झालं, आणि व्हायला हवं होतं. पण एक सांगतो. बाहेर उभी राहणारी माणसं बहुतेक त्याच घरांतली आहेत. आत आधी येऊन बसतात ते चर्चजवळ राहणारे, ज्यांचं बरं चाललंय ते. म्हणून आमच्याकडे जागेचा प्रश्न आणि गरिबांचा प्रश्न मला वेगळे करता येत नाहीत. मनोऱ्याचा मात्र नक्की वेगळा करता येतो.

उंबरठा

ओंजळ यांच्या मुद्द्याला जोडून. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचं उपासनेवरचं संविधान ४ डिसेंबर १९६३ला आलं. त्यातल्या १२४व्या परिच्छेदात म्हटलंय की पवित्र कलेत नुसता भपका नको, उदात्त सौंदर्य शोधा. आणि चर्च बांधताना ते उपासनेला आणि लोकांच्या सक्रिय सहभागाला सोयीचं होईल याची काळजी घ्या. तुमच्या आईंचा सहभाग सध्या खिडकीपर्यंत पोचतो. माझ्या मते आराखडा ठरवताना हीच कसोटी लावावी, मनोरा नंतर.

अजून एक आठवलं. जगात सापडलेल्या अगदी जुन्या चर्चपैकी एक, युफ्रेटिसच्या काठावरचं दुरा-युरोपोस, हे मुळात घर होतं. तिसऱ्या शतकात, २४०च्या आसपास, त्यातल्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून सभेसाठी एक मोठी खोली केली आणि एका खोलीत बाप्तिस्म्याचं कुंड केलं. थोड्याच वर्षांत, २५६च्या सुमारास, शहराला वेढा पडला तेव्हा तट भक्कम करायला घातलेल्या मातीच्या भरावाखाली ते घर गाडलं गेलं, म्हणूनच टिकलं. भिंत हलवून माणसांना जागा करणं ही आपल्याकडे इतकी जुनी गोष्ट आहे. तेव्हा दगडगोटे म्हणतात तो अहवाल अनुकूल आला, तर जुनं वाढवणं कमीपणाचं समजू नका.

हिशेबवही

आमच्या धर्मग्रामाचं सांगते. फायनान्स कमिटीत मी नंतर आले, त्यामुळे हे निस्तरावं लागलं.

उत्साह खूप होता. घरोघर फिरून किती देणार ते लिहून घेतलं, त्या आकड्यांची बेरीज केली आणि पैसे हातात आल्यासारखं काम सुरू केलं. पहिल्या वर्षी बरेच जमले. मग पीक गेलं, कुणाच्या घरी आजारपण, कुणी कामासाठी दूर गेलं. कबूल केलेलं देता आलं नाही म्हणून लोक आम्हाला टाळायला लागले, आणि शेवटी काही जण मिस्सेला येईनासे झाले. मला सगळ्यात जास्त दुःख ह्याचं झालं. खांब उभे राहिले, सळ्या वर आलेल्या, पावसात गंजत. आम्ही सात वर्षं त्या सळ्यांखालून चर्चमध्ये गेलो.

म्हणून सांगते. लिहून दिलेला आकडा आणि हातातला पैसा वेगवेगळ्या वह्यांत ठेवा. एकूण अंदाजावर निदान दहा टक्के अडीअडचणीसाठी धरा. काम अशा टप्प्यांत तोडा की प्रत्येक टप्प्याच्या शेवटी वापरता येईल असं काहीतरी उभं असेल. पाया आणि खांबांवर थांबलेलं काम कुणाच्याच उपयोगाचं नाही. छत आणि फरशी झाली, भिंतींना गिलावा राहिला, तरी मिस्सा होते.

हिशेब दर महिन्याला दारावर लावा. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा हे धर्मसंहितेत आहे, कॅनन १२८७. आणि ज्या कारणासाठी दिलं त्याच कारणासाठी वापरावं हे कॅनन १२६७मध्ये. इमारत निधीतून ‘तात्पुरते’ काढलेले पैसे परत येत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फायनान्स कमिटी प्रत्येक पॅरिशला असलीच पाहिजे, ती ऐच्छिक नाही. तुमच्याकडे आहे ना?

आमचं चर्च पूर्ण झालं शेवटी. जे यायचे थांबले होते त्यांच्या घरी फादर एकेक करून गेले, ‘ती यादी आम्ही फाडली’ एवढं सांगायला. बरेच परत आले. सगळे नाही.

नवी पालवी

मी चाकाच्या खुर्चीवर असते. उतार १ला १२ हवा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. नंतर लावलेला उतार नेहमी मागच्या दाराला असतो. मला सगळ्यांबरोबर पुढच्या दारातून आत यायचंय. आणि खुर्चीची जागा बाकांच्या ओळीत ठेवा, वाटेत नको. वाटेत असले की प्रत्येक वेळी कुणीतरी मला ‘जरा बाजूला’ घेतं.

पाठचा बाक

हिशेबवही, कमिटी आहे, पण वर्षातून एकदा बसते. बदलायला हवं. नवी पालवी, उताराचं कालच फादरांच्या कानावर घातलं. पुढच्या दाराला.

आता एक अवघड गोष्ट. बाहेर राहून चांगलं कमावलेलं एक कुटुंब जवळजवळ निम्मा खर्च उचलायला तयार आहे. माणसं भली आहेत, मनापासून देताहेत. पण पुढचा बाक त्यांच्या नावाने कायमचा राहावा, असं त्यांचं म्हणणं. कौन्सिलमधले बरेच जण म्हणतात, एका बाकाने काय बिघडतं?

उंबरठा

बिघडतं. रोमन मिस्सेच्या सर्वसाधारण सूचनांच्या ३११व्या परिच्छेदात खासगी व्यक्तींसाठी जागा राखून ठेवण्याची प्रथा निषिद्ध म्हटली आहे, शब्द कडक आहेत. शिवाय अट घातलेलं दान पॅरिशने बिशपांच्या परवानगीशिवाय स्वीकारायचं नसतं. तेव्हा नाही म्हणायचं ओझं एकट्या फादरांवर टाकू नका. ‘आम्हाला चालेल पण चर्चला चालत नाही’ हे खरं आहे आणि ते प्रेमाने सांगता येतं.

संध्याछाया

त्या कुटुंबातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला भेटा. पैशाची गोष्ट काढू नका, जुन्या चर्चमध्ये ती कुठे बसायची ते विचारा. पुढचा बाक मागण्यामागे पुष्कळदा एवढंच असतं, की आपण इथले होतो हे कुणाच्या तरी लक्षात राहावं.

सूरसंगत

गायनमंडळाकडून थोडं. आवाजाचा विचार नकाशावर करा, नंतर स्पीकर लावून तो प्रश्न सुटत नाही. बोलणं स्पष्ट कळायला आवाजाचा घुमारा सेकंदभरात विरायला हवा. गाण्याला त्याहून जास्त, दोन सेकंदांच्या आसपास घुमारा शोभतो. मोठी उंची, गुळगुळीत फरशी, समोरासमोर सरळ टणक भिंती हे सगळं एकत्र आलं की वाचन ऐकूच येत नाही, आणि घुमट असला तर आवाज एकाच जागी गोळा होतो. माणसांची अंगं आवाज शोषतात, म्हणून रिकाम्या चर्चमध्ये चाचणी घेऊन फसू नका.

आणि आम्हाला माळ्यावर टाकू नका, ही विनंती. गायनमंडळ जमलेल्या लोकांचाच भाग दिसावं, असं उंबरठा यांनी सांगितलेल्या मिस्सेच्या सूचनांतच, बहुतेक ३११च्या पुढच्याच परिच्छेदात आहे. माळ्यावरून गायलं की खालचे लोक ऐकत बसतात. लोकांमध्ये बसून गायलं की तेही गातात.

उंबरठा

पुढचाच, ३१२.

संध्याछायाताई, तुमच्यासाठी एक शोधून ठेवलंय. चर्चची वास्तू दुसऱ्या वापरासाठी दिली तरी तिथल्या वेदीचं समर्पण जात नाही. कॅनन १२३८ तसं स्पष्ट सांगतो. जुनी वेदी पवित्रच राहते. ती लहान प्रार्थनालयात ठेवता येईल का, हे बिशपांना विचारता येतं.

संध्याछाया

हे मला आज कळलं. आमच्या जुन्या वेदीचं काय झालं ते फादरांना विचारायला हवं. उद्याच विचारते.

पाठचा बाक

तीन महिन्यांनी लिहितोय.

अहवाल आला. भिंती भारवाहक आहेत, पाया उथळ आहे, वाढवणं धोक्याचं. जुनं पाडायचं नाही असं मात्र ठरलं. शेजारी, चर्चच्याच नावावर असलेल्या जमिनीवर नवं. जुन्यात रोजची मिस्सा आणि मृतांसाठीची प्रार्थना चालू राहील, तशी परवानगी बिशपांकडे मागितली आहे. नव्या बांधकामाचा अर्जही गेलाय, शेजारच्या चर्चच्या प्रमुखांना आम्ही आधी स्वतः भेटून आलो. माणसं मोजलेली वही अर्जाला जोडली. वस्त्यांवरच्या छपरांसाठी वेगळी पेटी ठेवली आहे आणि कामाचा पहिला टप्पा ती भरल्यावर सुरू करायचा, असं ओंजळ यांचा प्रतिसाद सभेत वाचल्यावर ठरलं. काहींना पटलेलं नाही. वाद चालू आहे.

त्या कुटुंबातल्या आजींना आई भेटून आली. दोघी लहानपणी एकाच बाकावर बसायच्या, तिसऱ्या. अट मागे घेतली त्यांनी. रक्कम निम्मी केली, तेही समजण्यासारखं आहे.

मनोरा आराखड्यात नाही.

नव्या चर्चच्या समर्पणाचा विधी वाचत होतो, १९७७चा. त्यात चर्चच्या दारापाशी बांधणाऱ्यांच्या वतीने वास्तू बिशपांच्या हाती सोपवतात. किल्ली, कागदपत्रं, नकाशा, किंवा एक वही, जिच्यात काम कसं झालं ते आणि ज्यांनी केलं त्यांची, मजुरांचीही, नावं लिहिलेली असतात. ती वही आम्ही आजच घेतली. पहिल्या पानावर माणसं मोजणाऱ्या दोन मुलांची नावं लिहिली. दुसरं पान माती परीक्षणासाठी खड्डा खणणाऱ्यांसाठी ठेवलंय, ते सोमवारी येताहेत.